पिवळ्या पट्ट्यातली जागा

तोक्मोक शहरातल्या, लोकर दाबून नमदे बनवणाऱ्या कारखान्यात मर्लिस वीजवाल्याचा कुणावरच विश्वास उरला नव्हता, गोदामवाल्या तुरगूनवर तर मुळीच नाही. गेल्या हिवाळ्यात वीजपेटी उघडताना जाळ उठला, तो मागे सरायला गेला तर पाठीशी तुरगूनच्या लोकरीच्या गोण्या. तेव्हापासून डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. म्हणून त्यानं पेटीपुढे रबरी चटई टाकली, भोवती मीटरभर जागा सोडून पिवळा पट्टा ओढला आणि बजावलं, इथे काडीही ठेवायची नाही.

नवल म्हणजे तीन महिन्यांत कुणी ठेवली नाही. एरवी याच लोकांनी जिन्यावरही लोकर रचली असती. मर्लिसच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यात चटई हल्ली रोज दुपारनंतर ओली असे आणि त्याच्या बुटांचे ठसे पुसलेले. ओल्या चटईवर उभं राहून पेटीत हात घालायचा म्हणजे मरण, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"तुरगून, चटईवर पाणी कोण ओततं? दुसराही हात घालवायचाय माझा?"

"बोटांबरोबर तुझं डोकंही भाजलंय, बाबा. मी त्या जागेकडे फिरकत नाही. कुणीच नाही फिरकत."

"का?"

"आता तेही मीच सांगू?" तुरगून हसला. त्या हसण्यानं मर्लिसची खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो सगळ्यांबरोबर निघाला आणि मागच्या दारानं परतला. पट्ट्याबाहेर जोडे होते, शेजारी ओलं फडकं. आत चटईवर लोकर पिंजणारी बुरुल आपा पाय दुमडून बसली होती.

"सापडलास," ती म्हणाली. "रोज बुटांनी नमाजाची जागा घाण करणारा मेला तूच होय?"

"आपा, ही नमाजाची जागा नाही."

"मग कसली? मोकळी, रेघ मारलेली, काब्याकडे तोंड केलेली. तीन महिने डोळ्यांत तेल घालून सांभाळतेय मी. तुरगून पहिल्याच दिवशी गोणी घेऊन आला होता. त्याला म्हटलं, इथे लोकर टाकशील तर हात झडतील."

मर्लिस ओशाळला. इतके दिवस आपला पट्टा जागा राखतोय, असं तो समजत होता.

"आपा, हे रबरी बूट काढून पेटीत हात घातला तर मी मरेन. चटई ओली असली तरी मरेन."

तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. "एवढं तोंडानं सांगायला काय झालं होतं? उद्यापासून कोरड्यानं पुसते."

संध्याकाळी तुरगून दारात आला. "खरं सांग, ती खरंच नमाजाची जागा आहे का? म्हातारी उगाच भीती घालते असं वाटतं मला. नसेल तर दहा गोण्या सहज मावतील."

मर्लिसनं जळका हात खिशातून बाहेर काढला आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

"नमाजाचीच आहे," तो म्हणाला. "ठेवून बघ गोणी."