कोबीच्या सुपातली अंडी

गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे 'कात्री' म्हणायचे. हातातली कमी चालायची, तोंडातली जास्त. गिऱ्हाइकाच्या केसांत बोटं फिरवून तो सांगायचा, "साहेब, तुम्ही नाश्त्याला दांडी मारता." साहेब ओशाळायचे. पण घरच्या डोक्यापुढे त्याची मात्रा चालेना.

बायको शिवणकाम करायची. भाचीच्या लग्नात तिला वीस वर्षांपूर्वीचा निळा ड्रेस घालायचा होता, म्हणून तीन महिने तिने नुसतं कोबीचं सूप धरलं होतं. तरी अजून दोन बोटं कमीच पडत होती.

"सैल कर की," तो म्हणायचा.

"दुनियेचे कपडे मी सैल करते. माझा नाही."

दर सुट्टीला तिचे केस विंचरायचा त्याचा लग्नापासूनचा नेम. मनगटाएवढी वेणी आता करंगळीवर आली होती. कंगव्यात तर चिमणीचं घरटंच निघायचं.

"अगं, केस काय हवेवर वाढतात? डाळ, अंडी, पालेभाजी पोटात गेली तर डोक्यावर दिसेल."

"तुमच्या पोटात सगळं जातं. डोक्यावर काय दिसतंय?"

त्याने टकलावरून हात फिरवला. "हे वडिलोपार्जित आहे."

मग त्याने गनिमी कावा केला. ती मशीनवर बसली की तो तिच्या सुपात दोन अंडी फेटून घालायचा, वर वाटीभर डाळ घोटून. तरी केस गळतच राहिले. तो चार अंड्यांवर आला.

एका सकाळी वाकून बूट घालताना त्याच्या पँटचं बटण उडालं आणि थेट आरशावर आदळलं.

"दोन महिन्यांत तिसऱ्यांदा," सुई ओवत ती म्हणाली.

"मी तर नेहमीएवढंच खातो."

तिने जीभ चावली. "नाही हो. मला ते सूप जाईना, चहा-चपातीवर भागवत होते. टाकायचं जिवावर यायचं, म्हणून तुमच्या रश्श्यात ओतत होते."

कात्रीने सुटलेल्या पोटावर हात ठेवला. तो म्हणाला, "त्यात रोज चार अंडी होती."

ती बघतच राहिली. मग हसता हसता तिच्या हातातली सुई पडली. "तरीच मिशी एवढी झुपकेदार."

डोळे पुसून तिने विचारलं, "आजपासून नीट जेवले तर वेणी लग्नापर्यंत भरेल?"

"दोन आठवड्यांत? केसांना निरोप उशिरा पोचतो. चार-सहा महिने धर."

तिने निळा ड्रेस मशीनवर ओढला आणि शिवण उसवायला घेतली. आत दोन बोटं कापड दुमडलेलं होतं, वीस वर्षांपूर्वी तिनेच ठेवलेलं.

"दोन अंडी उकडा," ती म्हणाली. "आणि समोर बसा. रिकामं ताट घेऊन."