सतरा मग

शिकवायच्या नव्या पद्धतीचं प्रशिक्षण घेऊन एस्नात बाई झोंबा शहरातून परत आल्या तेव्हा त्यांच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. मुलांनी गट करायचे, हातांनी करून बघायचं, आपसांत बोलायचं, बाईंनी फक्त फिरायचं. चिल्वा तळ्याकाठच्या त्या शाळेत चौथीच्या एका खोलीत एकशे बारा मुलं जमिनीवर बसायची. तीन दिवस हा कारभार चालला. चौथ्या दिवशी शेजारच्या वर्गाचे मास्तर दारात येऊन म्हणाले, बाई, बाजार भरवलाय का? झालं. बाईंनी मुकाट्याने खडू उचलला आणि पहिल्यासारखं फळ्यावर लिहून एका सुरात म्हणवून घेणं सुरू केलं. मुलांना मोजायला म्हणून गोळा केलेली बाटल्यांची झाकणं आणि मक्याची बुरकुंडं भिंतीवर टांगली. त्यांना हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.

आणि नेमकी चिठ्ठी आली. भागाचे शिक्षण सल्लागार नामालोंबा सर बारा शाळांचे शिक्षक घेऊन गुरुवारी येणार, एस्नात बाईंचा आदर्श पाठ बघणार. पाठ रंगला तर पुढच्या सत्रापासून भागातल्या शिक्षकांना शिकवायचं काम बाईंकडे. सतरा वर्षं खडू खाल्लेल्या बाईला याचं काय वाटेल ते सांगायला नको. त्यांना ते काम हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

मग बाईंनी काय केलं असेल? पाठ बसवला. हो, नाटक बसवतात तसा. पाच गट, पाच सारख्या पिवळ्या बादल्या, प्रत्येकीत प्लॅस्टिकच्या कपाने पाणी ओतायचं. बादली वीस कपांत भरते. सोमवार, मंगळवार, बुधवार रोज तालीम. चुकायचं कुणी तेही ठरलेलं. यामिकानीने "पंधरा" म्हणायचं, म्फात्सोने त्याला प्रेमाने दुरुस्त करायचं, मग सगळ्यांनी तीन टाळ्या वाजवायच्या. बरोबर उत्तराला तीन टाळ्या, हा आमच्याकडचा सगळ्या शाळांचा रिवाज.

या तालमीला तियांजाने नावाची एकच मुलगी नव्हती. आजी वारली म्हणून आईबरोबर आजोळी गेली होती ती, गुरुवारी सकाळी सुतकाच्या रिवाजाप्रमाणे डोकं भादरून परत आली. पोरगी प्रश्न विचारणारी. त्यांनी तिला दाराजवळच्या गटात बसवलं आणि बजावलं, आज हात वर करायचा नाही.

पाहुणे आले. भिंतीला टेकून रांगेत बसले. आणि ऐन वेळी हेडसरांनी बाईंचे कप पाहुण्यांच्या चहाला उचलून नेले. शाळेत पेज रांधणाऱ्या स्वयंपाकीणबाईंनी त्यांच्याऐवजी मुलांचे पेजेचे मग आणून ठेवले. हे मग कपांपेक्षा थोडे मोठे होते. बाईंच्या ते ध्यानातही आलं नाही, त्यांचं सगळं लक्ष सरांच्या वहीकडे.

पोरांनी ओतायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, सगळे गट एका आवाजात. सतराव्या मगाला बादल्या काठोकाठ भरल्या. पण पोरं थांबली का? छे! अठरा म्हणून ओतलं, एकोणीस म्हणून ओतलं, वीस म्हणून ओतलं. पाणी जमिनीवरून वाहत पाहुण्यांच्या पायांपर्यंत गेलं. यामिकानी ठरल्याप्रमाणे "पंधरा" म्हणाला, म्फात्सोने ठरल्याप्रमाणे समजावलं आणि पाण्यात बसलेल्या एकशे अकरा पोरांनी तीन टाळ्या वाजवल्या.

दाराजवळ तियांजाने उभी राहिली. हात वर केला नव्हता तिने, तेवढं ऐकलं होतं.

"मॅडम, सतरा झाले. सतराला भरली."

बाईंनी बादलीकडे पाहिलं. पाहिलं आणि कळलं त्यांना, हे मी लपवत नाही. नामालोंबा सरांनी आपले ओले बूट मागे घेतले आणि हळूच विचारलं, "किती म्हणायचं मॅडम?"

"वीस, सर," बाई म्हणाल्या. मग तियांजानेकडे वळून, "खाली बस. तू तालमीला होतीस का?"

तालीम हा शब्द तोंडातून गेला तो गेलाच. पोरं हसली, तियांजानेला. बारा शिक्षकांनी माना खाली घातल्या, कारण त्यांच्याही शाळांतून असेच पाठ बसवले जात होते. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, छान.

मंडळी हेडसरांच्या खोलीत मक्याच्या पिठाची न्सिमा आणि मासळी जेवायला गेली. बाई वर्गातच थांबल्या. एकटी तियांजाने फडक्याने जमीन पुसत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

"मॅडम, माफ करा," ती मान वर न करता म्हणाली. "पुढच्या वेळी आधी उत्तर विचारून घेईन. मग मोजीन."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढीशी पोर, बरोबर मोजल्याबद्दल माफी मागत होती, आणि ज्या बाईने मागायची ती कोरड्या हातांनी उभी होती. त्यांनी फडकं तिच्या हातातून घेतलं आणि खाली बसून उरलेली जमीन स्वतः पुसली.

मग तशाच, ओल्या हातांनी, त्या हेडसरांच्या खोलीत गेल्या. सगळे जेवत होते. शिक्षकांना शिकवायच्या कामाचा कागद सरांच्या ताटाशेजारीच होता, त्यावर बाईंचं नाव. बाई म्हणाल्या, सर, माझं नाव काढा. सर म्हणाले, जाऊ द्या हो, बसा, जेवून घ्या, चालायचंच. बाई बसल्या नाहीत. बारा जणांचे घास हातात थांबले होते.

शेवटी सरांनी पेन उघडलं. "कारण काय लिहू?"

"लिहा," एस्नात बाई म्हणाल्या, "मुलीने मोजलं, आणि मी तिला खाली बसवलं."