एका बिलावरचे दोन नंबर

छोटकीला सत्तावन्न वर्षं पूर्ण झाली होती, तरी घरातलं ते नाव काही सुटलं नव्हतं. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात मात्र तिला सगळे बाई म्हणत. तीस वर्षं ती तिथे पानांच्या घड्या शिवत आली होती. सुईने बोटांची टोकं इतकी निबर झाली होती, की फोनच्या काचेला तिचा स्पर्शच कळायचा नाही. ती करंगळीने आकडे दाबायची.

एके दिवशी मालकाने तिला बोलावलं. "बाई, आता आठवड्यातून तीनच दिवस या. कामच नाही, मी तरी काय करू?" तीच गोष्ट त्याने आणखी चौघींना सांगितली. छोटकी घरी आली आणि कशाकशाला कात्री लावता येईल ते बघत बसली. पेपर बंद केला. मग नजर फोनवर गेली. फोन आठ वर्षांचा होता, कोपऱ्यात तडकलेला, पण बिचारा चालत होता.

शनिवारी सकाळी ती फोनच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या बाईंनी तिचा नंबर घालून पडद्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, फोनचे हप्ते कधीच फिटलेत तुमचे. अजून हाच महागडा प्लॅन कशाला चालवताय? नुसतं सिम घ्या. फोन हाच, नंबर हाच, खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येईल."

"करा मग तसं."

"पण या बिलावर दुसरा एक नंबर दिसतोय."

"बहिणीचा आहे."

आठ वर्षांपूर्वी दोघी बहिणींनी एकाच दिवशी एकसारखे दोन फोन घेतले होते. एका बिलावर दोन नंबर घेतले की सवलत होती. बिल छोटकीच्या खात्यातून आपोआप जाई. गेली सहा वर्षं तिने ते उघडून पाहिलं नव्हतं, कारण सहा वर्षं ताईशी तिचं बोलणंच नव्हतं.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेत पोचवण्यापासून वेणी घालण्यापर्यंत छोटकीचं सगळं तिनेच केलेलं. पण ताईच्या जिभेला हाड नव्हतं. दात काढायला गेली तरी डॉक्टरांना चार गोष्टी ऐकवून यायची. घरात यावर सगळे हसत. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून छोटकीकडेच होती. एका दुपारी छोटकी कामावर असताना आई गेली. संध्याकाळी माणसांनी भरलेल्या खोलीत ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "हिला पुस्तकं शिवायची होती ना. आई मेली एकटी."

माणसं पांगल्यावर छोटकी एवढंच म्हणाली, "शब्द मागे घेशील तेव्हाच ये." ताई आली नाही. छोटकीही गेली नाही. मधल्या नातेवाइकांनी दोन्हीकडे निरोप पोचवून पाहिले, मग तेही थकले.

"त्यांचा नंबर बंदच करून टाकू का?" दुकानातल्या बाईंनी विचारलं. "वापरच नाही. पाच महिन्यांत एकही कॉल बाहेर गेलेला नाही."

"असं कसं होईल?" छोटकी म्हणाली. "ती भिंतीशीसुद्धा बोलेल."

"बघा ना तुम्हीच." बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. रांगेने शून्यं होती.

छोटकीने पडद्यावर बोट ठेवून ती एकेक करून मोजली.

"बंद नका करू," ती म्हणाली. "तोही स्वस्तातल्या सिमवर टाका. वेगळा."

"मग त्या नंबरवर ओटीपी जाईल. त्यांना फोन लावा आणि आकडे विचारून घ्या. दहा मिनिटं चालतो तो."

सहा वर्षांनी छोटकीने तो नंबर लावला. चौथ्या घंटीला कुणीतरी फोन उचलला. आवाज ताईचा नव्हता.

"तुमचं नाव आलं फोनवर, छोटकी म्हणून," त्या बाई म्हणाल्या. "मी आजींना सांभाळते. त्यांना झटका येऊन गेला ना, पाच महिने झाले. उजवी बाजू गेली. चालतात थोडं, पण बोलणं गेलं. तुम्हाला नाही कळलं?"

"नाही," छोटकी म्हणाली.

"मुलगा लांब असतो. तो म्हणाला, आजींनीच हाताने खुणा करून नको म्हटलं, कुणाला कळवू नका."

काउंटरवरच्या बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होत्या. छोटकीने कसंबसं ओटीपीचं सांगितलं.

"थांबा, वाचते," असं त्या बाई म्हणाल्या आणि लगेच तिकडे झटापट झाल्यासारखा आवाज आला. "अहो आजी, द्या इकडे… बरं, बरं. तुम्हीच सांगा." मग फोनजवळ येऊन त्या हळूच बोलल्या, "त्यांनाच सांगायचंय. आकडा एकदम नाही येत त्यांना. एकपासून मोजत जातात आणि हवा तिथे थांबतात. जरा धीर धरा."

मग ताईचा आवाज आला. जाड झालेला, घसरणारा, पण ताईचाच.

"एक… दोन… तीन… चार." ती थांबली.

"चार," छोटकी म्हणाली. दुकानातल्या बाईंनी चार लिहिलं.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ…" ताई चिडली. काहीतरी आपटलं. पुन्हा एकपासून निघाली आणि या खेपेला सातवर थांबली.

"सात. बरोबर ना ताई? सात."

छोटकीच्या मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. एकाने घसा खाकरला. दुकानातल्या बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बाकावर जाऊन बसला. सहा आकड्यांना आठ मिनिटं लागली. शेवटचा दोन होता. तो सांगून ताई दमली, तिचा श्वास ऐकू येत होता.

"झालं," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "दोन्ही नंबर वेगळे झाले."

"ताई, झालं बघ," छोटकी म्हणाली.

"छो…" ताई म्हणाली. "छो… खिडकी." पुन्हा जोर लावून, "खिडकी!" आणि ती रडायला लागली.

"येते," छोटकी म्हणाली. "आत्ता येते."

ती दुकानातूनच थेट बसने निघाली. तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत तिला धाप लागली. ताई खुर्चीत बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला. केस कुणीतरी कातरले होते, अगदी आखूड. छोटकीने त्यांवरून हात फिरवला. वेणी घालण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. ताईने डाव्या हाताने तिचा पदर धरला, तो तासभर सोडलाच नाही.

त्यानंतर छोटकी आठवड्यातून चार दिवस जायची. कारखान्याने दिलेले रिकामे दिवस असे भरले. ती ताईला भरवायची, फिरवायची, पेपर वाचून दाखवायची. ताईला सगळं समजत होतं. हसायच्या जागी हसायची. कधी एखादा शब्द यायचा, तो दुसऱ्याच कशाचा तरी असायचा.

दोन महिन्यांनी एका दुपारी, ताईची नखं कापता कापता, छोटकीच्या तोंडून निघून गेलं. "ताई, आई गेली तेव्हा तू जे बोललीस… ते मनापासून होतं का गं?"

ताईने तोंड उघडलं. ओठ जुळवले, पुन्हा उघडले. मानेच्या शिरा ताणल्या. "पाणी," ती म्हणाली. जोराने मान हलवली, नाही, ते नाही. "पाणी… उद्या… बाजार…" एकेक शब्द येत होता आणि ती तो हाताने झटकून टाकत होती. मग तिने डाव्या मुठीने खुर्चीचा दांडा बडवायला सुरुवात केली.

"राहू दे," छोटकी म्हणाली आणि तिने ती मूठ धरली. "राहू दे गं ताई. मीच उशिरा विचारलं."

ताई तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी एकाच बाजूने वाहत होतं. छोटकीने ते पुसलं आणि राहिलेली नखं कापली.

ताई त्यानंतर दीड वर्ष जगली. ती गेली तेव्हा छोटकी उशाशीच होती. तो प्रश्न तिने पुन्हा कधी काढला नाही, आणि ताईने त्या दुपारी काय म्हणायचा प्रयत्न केला होता, हे तिला कळलं नाही ते नाहीच.