दर्शनी खिडक्या

कपाशीच्या तेजीत भडगावच्या शालिग्रामभाऊंना पैसा मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नव्या घरासाठी त्यांना खिडक्या निवडायच्या होत्या आणि मी पडलो त्यांचा शिकलेला मावसभाऊ. तेव्हा धुळ्याला त्यांच्यासोबत साहेबलोकांच्या बंगल्यांभोवती मला हिंडावे लागले. बाजारात बैलाचे दात बघावेत तसे भाऊ कुंपणाबाहेरून खिडक्या बघत. एका शिपायाने आम्हांला हटकलेसुद्धा.

कमानीची पसंत पडली, आडव्या पट्ट्यांच्या झिलमिलीची पडली, निळ्या-तांबड्या काचांची तर फारच पडली. निवडायचे म्हणजे काही सोडायचेही असते, हे काही त्यांना पटेना. प्रत्येक जातीची एकेक जोडी ठरली.

गफूर मिस्त्री मापे घ्यायला आले तेव्हा भाऊंच्या पत्नी झुंबरबाई दाराआड उभ्या होत्या. जुन्या धाब्याच्या घरातल्या धुराने त्यांच्या पापण्या कायमच्या सुजलेल्या. खोकला असा, की दोन शब्दही सलग निघत नसत. त्यांनी खोकत-खोकत एवढेच मागितले, "चुलापाशी एक खिडकी ठेवा."

"चुलानी खिडकी कोन देखनार शे?" भाऊ म्हणाले.

मीही झुंबरबाईंच्या बाजूने मत दिले. ते कोणी मागितले नव्हते.

पुढे भाऊंची अक्कल आणखी चालली. रस्त्यावरून घर बंगला दिसावे, पण बाईमाणसाची सावली कोणाला दिसू नये आणि चोराला हात घालायला फट मिळू नये. म्हणून बैठकीची भिंत सबंध विटांची बांधली आणि तिला आतून-बाहेरून चौकटी, कमानी, तावदाने ठोकली. गफूर म्हणाले, "भाऊ, खिडकी बठ्ठी शे, पुरी शे. फक्त भोक नही." भाऊंना ही स्तुती वाटली.

वास्तुशांतीला मामलेदार जेवायला आले. आत झुंबरबाई खापरावर मांडे भाजत होत्या. उपडे खापर तापायला जाळ मोठा लागतो. धुराला वाट नव्हती, तो पाहुण्यांच्या पंक्तीत येऊन बसला. ताज्या रंगाचा उग्र वास, तूप, घाम आणि धूर यांत घास घशाखाली उतरेना. बड्या मंडळींची नाके वाहू लागली; ती उपरण्याला पुसून मंडळी खिडक्यांची तारीफ करीत होती. शेवटी मामलेदार पाटावरून उठले आणि त्यांनी रंगीत काचांची झडप ओढली. पुढे विटा. कोणी हसले नाही; हसण्यापुरता श्वास कोणाजवळ नव्हता. आत चुलीपाशी एक बाई सकाळपासून हाच धूर गिळते आहे, हे कोणाच्या मनातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मिस्त्रींना बोलावून बैठकीतली एक खिडकी फोडून खरी करायला सांगितली. मी चुलीचा विषय काढला. मामलेदार काही स्वयंपाकघरात बसत नाहीत, असे मला समजावण्यात आले. माणसाची किळस यायला त्याने काही घाण करावी लागतेच असे नाही.

भिंत फुटली. वारा आत आला. मिस्त्री घरी गेले तसे झुंबरबाईंनी तीन दगड आणले, भाऊंची गादी पायाने बाजूला सारली, त्या खिडकीखाली चूल मांडली आणि गोवऱ्या पेटवल्या. कमानीवर कोरलेल्या मोरांवर काजळी चढू लागली. रस्त्यावर चार माणसे थबकली.

भाऊ धावत आले आणि खिडकीपुढे उभे राहिले.

"उजेड आडवू नका," झुंबरबाई म्हणाल्या. "मी भाकर टाकस."