गाडीत विचारलेला प्रश्न

वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात एकवीस वर्षं चादरी उपसून माझे हात असे झालेत की गरम काय नि गार काय, काही कळत नाही. त्यातली चौदा वर्षं मी ओपलच्या गाडीतून कामाला गेले. ओपल आमची सुपरवायझर, पण त्याच्याही आधी माझी शेजारीण. माझा नवरा वॉल्ट गेला तेव्हा रीतीप्रमाणे सगळ्या गल्लीनं जेवण पोचवलं, पण आठवडाभर रोज आली ती ओपल. काचेच्या ट्रेमध्ये भाजलेले नूडल्स, बुडाला तिच्या नावाची पट्टी. असा ट्रे रिकामा परत करत नाहीत. त्यात काय घालावं या विचारात आज देते, उद्या देते करत तो माझ्याच फ्रिजवर राहिला.

त्या हिवाळ्यात डेनीतानं युनियनची कार्डं आणली, युनियन हवी म्हणून सही करायची. डेनीता वाळवणीच्या मशीनवर असायची. तोंडानं फटकळ, कामाला वाघ. आजारपणाची पगारी रजा द्या, एवढंच मागणं होतं. मी सही केली. खरं सांगते, बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी गाडीत ओपल म्हणाली, “काय गं व्हर्ना, तूपण केलीस का सही?”

“कसली?”

“पुरे गं बाई, माझ्यापुढे कशाला सोंग? साहेब म्हणतोय, युनियन आली तर धुलाई बाहेर कंत्राटावर देऊन टाकणार. मग बसू दोघी घरी. कोण वाटतंय कार्डं?”

आता माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे! गाडीतलं बोलणं गाडीतच राहायचं, हा आमचा चौदा वर्षांचा शिरस्ता. मी बोलून गेले, “डेनीता वाटतेय. मीपण केलीय सही. तू सुपरवायझर नसतीस तर तूही केली असतीस.”

ओपल हसली. “मला कायद्यानंच बंदी आहे, बाई. मी पडले साहेबाच्या बाजूची.”

शुक्रवारी डेनीताला काढलं. कारण काय, तर तीन मिनिटं उशीर! हजेरीच्या मशीनपुढे रांग असते, तीन मिनिटं आम्हा सगळ्यांनाच रोज होतात. कपाट रिकामं करताना ती मला म्हणाली, “कुणी सांगितलं असेल गं माझं नाव?” मी टॉवेलच्या घड्या घालत राहिले. दोन पोरं होती तिच्या पदरात. स्वतःचीच शिसारी आली मला.

वसंतात डेनीताच्या तक्रारीवरून सरकारी कामगार बोर्डाचा माणूस क्लीव्हलंडहून आला. माझ्या स्वयंपाकघरात बसला, माझ्याइतकाच थकलेला. म्हणाला, “सही केलीस का, कोण वाटतंय, हे सुपरवायझरनं विचारणं बेकायदा. धुलाई बाहेर देऊन टाकू म्हणणं त्याहून. पण कंपनी म्हणते, कार्डांचं आम्हाला ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं असं शपथेवर सांगणारं तुमच्याशिवाय कुणी नाही.”

“आणि ओपलचं काय होणार?”

त्यानं मान खाली घातली. “हा कायदा कामगारांना सांभाळतो. सुपरवायझर त्यात येत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी गाडीत मी ओपलला सांगून टाकलं. पाठीमागून वार करायचा नव्हता मला.

“चौदा वर्षं, व्हर्ना,” ती म्हणाली.

“डेनीताला पोरं आहेत.”

“आणि मला काय, मांजरं?”

त्यानंतर तिचा हॉर्न माझ्या दारात वाजला नाही. मी बसनं जायला लागले, आणि गेले एकदा क्लीव्हलंडला. साक्षीच्या शपथेला हात वर केला, गाडीत झालेलं सगळं सांगितलं.

निकालाला दीड वर्ष लागलं. डेनीता कामावर परत आली. हजेरीच्या मशीनशेजारी कंपनीला एक कागद लावावा लागला, साठ दिवस: आम्ही तुम्हाला युनियनबद्दल विचारणार नाही, धमकावणार नाही. बस, एवढंच. ज्या साहेबानं ओपलला विचारायला धाडलं होतं, तो त्याच कागदाशेजारी उभा राहून कॉफी पितो. ओपलनं आपल्या मनानंच विचारलं, असं म्हणून तिला काढलं. नवं कार्ड घ्यायला मात्र कुणी हात पुढे करेना. मीसुद्धा नाही. दमले होते हो.

कागद उतरला त्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी ओपल दारात उभी. आत येईना.

“माझा ट्रे दे.”

मी ट्रे काढला. घरात धड काही शिजवलेलं नव्हतं. “थांब, बटाटे तरी भाजते.”

“नको.” ती नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात लागली होती. एकसष्टाव्या वर्षी, तासाच्या पगारावर, चादरींच्या घड्या घालायला. बोटं माझ्यासारखीच लालभडक. “काल एका पोरीनं पगारी रजेचं नुसतं विचारलं. तर सुपरवायझरबाई मला बाजूला घेऊन म्हणते, हिच्यामागे युनियन तर नाही ना? कोण आहे?”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, कुणी नाही.” बुडाच्या पट्टीवरून ती अंगठा फिरवत राहिली. “आणि खरंच कुणी नाहीये गं.”

ना तिनं माफी मागितली, ना मी.

“आता मी कुणाची साहेब नाही, व्हर्ना. कायद्यानं मला सही करता येते.” तिनं ट्रे माझ्यापुढे धरला. “तुझ्याकडे असतील ना उरलेली कोरी कार्डं? रिकामा नेणार नाही मी हा.”

होती. ‘तुझ्याकडे सुरक्षित राहतील’ म्हणून डेनीतानं त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या खणात ठेवलेली. मी ती सगळी ट्रेमध्ये घातली.