नंबर पडलेली झाडं

काटोलच्या बागेत शिरल्या शिरल्या गोपिकेच्या पायाखालची वाळू सरकली. दोन वर्षं ज्यांच्यावर जीव टाकला त्या संत्र्याच्या अठ्ठेचाळीस झाडांपैकी एकावरही पत्रा नव्हता. डिसेंबरात तिनेच छिन्नीने आकडे ठोकून, तारेने बांधलेले टिनाचे नंबर साफ गायब.

तो शुक्रवार होता. सोमवारी चारच्या आत नागपुरात संशोधन-शिष्यवृत्तीचा अर्ज द्यायचा होता. संत्री पिकायच्या आधीच का गळतात हे शोधायला दोन वर्षांची शिष्यवृत्ती. १९३९ साली तिच्या विषयात जागा एकच आणि मागणारे अकरा. मिळाली नाही तर जुलैपासून वर्ध्याच्या शाळेत पोरींना पानाफुलांची चित्रं काढायला शिकवायचं, असं घरात ठरूनच गेलं होतं. शाळेचा तिला राग नव्हता, पण हा प्रश्न अर्धा टाकून जायचं अगदी जिवावर आलं होतं. आणि आता नंबरच नाहीत म्हटल्यावर वहीतली कोणती नोंद कोणत्या झाडाची, हे कोण सांगणार?

“नत्थूजी!” तिने हाक मारली.

नत्थूजी म्हणजे मामांचा म्हातारा माळी. गोपिका जन्मायच्या आधीपासून तो ही बाग राखत होता. लपवाछपवी त्याला कधी जमलीच नाही. “म्याच काढले, बाई,” तो म्हणाला. “बोचक्यात बांधून ठेवले हायेत.”

“काहून?”

“ल्हानपणी मी जंगलात तोडीवर होतो. सायेब येई, झाडाले नंबर ठोके, अन् आठ दिवसांत झाड आडवं. तुमचे नंबर पायले अन् मले वाटलं, रोगी झाडं तोडून टाकतेत. लेकरावानी पोसलं मी त्याइले.”

“अन् आधी दीड वर्ष चिंध्यांवर नंबर लिहून बांधले होते, ते नाही काढले?”

“चिंधी तं नवसाची राह्यते. तिले कोन हात लावन?”

त्या चिंध्या पावसात कुजल्या म्हणून तर तिने टिन आणलं होतं. गोपिकेने म्हाताऱ्याला चार शब्द चांगलेच सुनावले. मग तिची तीच ओशाळली. आपण काय करतोय हे तिने मामांना सांगितलं, प्राध्यापकांना सांगितलं, आणि झाडांना पाणी देणाऱ्यालाच तेवढं सांगितलं नव्हतं.

तिने वही उघडली. “हे झाड कोणतं, सांगा. पहिल्या वर्षी फळं फार गळाली, दुसऱ्या वर्षी उगवतीकडची फांदी वाळली.”

नत्थूजी सरळ तिसऱ्या ओळीत जाऊन उभा राहिला. “हे. याच्या बुडाशी मुंग्या झाल्या होत्या.”

वहीत त्याच नोंदीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: मुंग्या. तरी नुसत्या शब्दावर विसंबायची तिची तयारी नव्हती. तिने खोडाला फीत लावली. वहीत वर्षापूर्वीचा घेर बावीस इंच होता, आता साडेबावीस भरला.

मग दोन दिवस हेच चाललं. ती वाचायची, तो चालायचा आणि फीत निकाल द्यायची. रविवारी संध्याकाळपर्यंत पंचेचाळीस झाडं जुळली. तीन काही केल्या जुळेनात. “फीत चुकून राह्यली, मी नाही,” म्हणून नत्थूजी हट्टाला पेटला. गोपिकेने त्या तीन झाडांवर काट मारली.

सोमवारी प्राध्यापक मधुकररावांनी अर्ज वाचला आणि कपाळावर हात मारला. “नंबर गेले, माळ्याने झाडं ओळखली, तीन वगळली! समिती फाडून खाईल तुला. हा परिच्छेद काढ, कोणाला कळणार आहे?”

“मला कळेल ना, सर.”

“मग वर्धा नक्की समज.”

“समजले. सही करा.”

पंधरा दिवसांनी मुलाखतीत अध्यक्षांनी नेमकं त्याच परिच्छेदावर बोट ठेवलं. “हा माळी लिहिणारा-वाचणारा आहे?”

“नाही.”

“आणि त्याच्या शब्दावर आम्ही शिष्यवृत्ती द्यायची?”

गोपिकेने दोन दिवस ऊन सोसून केलेलं काम होतं ते. त्याची तिला लाज वाटत नव्हती. “शब्दावर नाही, फितीवर,” ती म्हणाली. “जिथे फीत नाही म्हणाली तिथे मी झाड सोडलं. तुम्ही उद्या बागेत या. वहीचं कोणतंही पान वाचा, तो तुम्हाला त्या झाडापाशी नेईल. मग फीत तुम्हीच लावा.”

अध्यक्षांनी कागद मिटला आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. वर्ध्याची ट्रंक भरावी लागणार, असं समजूनच ती घरी आली.

मार्चच्या शेवटी पत्र आलं. मंजूर! दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती काटोलला गेली, आणि मामांच्या घरी न जाता आधी बागेत.

“बाई, आता तं तोडत नाहीत ना?” नत्थूजीने पहिलं हेच विचारलं.

“नाही गा, नत्थूजी. अजून दोन वर्षं कोणी हात लावायचा नाही. मी आहे ना इथंच.”

त्याने बोचकं आणलं. ती नंबर पाहून वहीतली त्याची नोंद वाचून दाखवी, तो झाडापाशी नेई. तारेला मात्र त्याने हात लावला नाही. जुन्या धोतराचा काठ टर्रकन फाडला आणि एकेक नंबर चिंधीने बांधला. पंचेचाळीस झाले तेव्हा काठाचा तुकडा अजून उरला होता. त्याच्या त्याने तीन चिंध्या केल्या आणि काट मारलेल्या तीन झाडांना नुसत्याच बांधल्या.

“ते आपल्या कामात नाहीत, नत्थूजी,” गोपिका म्हणाली.

“नसू द्या,” गाठ आवळत तो म्हणाला. “तुमचं काम झालं. आता याइचा नवस.”