दुधाचंच आहे, आई

"हे नुसतं नाही खायचं," डोळे मिटून घास घोळवत मधुमतीबाई म्हणाल्या. "फार उग्र आहे गं. याला गोड सोबत हवी. तो मोरावळा आण बघू."

नंदाने बरणी आणली. टेबलावर अमेरिकन चीजचे तीन तुकडे होते: व्हरमाँटचं मुरलेलं चेडर, विस्कॉन्सिनचं त्याहून जुनं आणि दाताखाली कचकचणारं, आणि कॅलिफोर्नियाचं ड्राय जॅक, ज्याच्या सालीला कोको आणि मिरपूड चोळलेली होती. एडिनबरातल्या एका मोठ्या दुकानाच्या चीज काउंटरवर नंदा कामाला होती. ऑगस्टमध्ये शहरातल्या कला-फेस्टिव्हलच्या पाहुण्यांसाठी तिथे 'अमेरिकन वीक' व्हायचा होता, आणि कुठलं चीज कशाबरोबर द्यायचं ते ठरवायचं काम यंदा तिच्याकडे आलं होतं. म्हणजे खरं तर तिच्या सासूबाईंकडे.

"चेडर आणि मोरावळा. झकास!" मधुमतीबाईंनी निकाल दिला. "त्या कोकोवाल्याला गूळ आणि अक्रोड. सांग तुझ्या साहेबाला."

"साहेब नाही हो आई, मॅडम आहे. आणि गूळ कुठून आणू? इथल्या दुधाच्या वडीवर, फजवर भागेल का?"

"भागवून घ्या बिचाऱ्यांनी."

दोघी खळखळून हसल्या. गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून मधुमतीबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण हॉस्पिटलमधून आल्यापासून तोंडाची चव जी गेली ती गेलीच. वरणभाताचं ताट त्या बाजूला सारायच्या. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. नंदाचा नवरा श्रीकांत आईपुढे चमचा धरून रडकुंडीला यायचा. अशात नंदाने सहज म्हणून सँपलचा एक तुकडा घरी आणला, आणि बाईंनी तो खाऊन दुसरा मागितला.

"दुधाचंच ना गं?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"हो आई, दुधाचंच आहे."

खोटं नव्हतं ते. पण काउंटरवरच्या शाकाहारी चीजना हिरवे स्टिकर रोज सकाळी नंदाच लावायची, आणि या तिन्हींना तिने ते लावले नव्हते. वासराच्या पोटातल्या रेनेटने दूध गोठवून केलेली चीजं होती ती. आणि मधुमतीबाई तर अंडं असेल म्हणून शेजारच्या स्कॉटिश आजींचा केकही हात जोडून परत करणाऱ्या.

नंदाने हिरव्या स्टिकरचं चेडरही आणून पाहिलं होतं. "रबर आहे," म्हणून बाईंनी ते ताटाच्या कडेला लावलं. त्यानंतर तिने दुसरं शोधलंच नाही. शोधायला हवं होतं. पण बाई जेवत होत्या, गालांवर जरा मांस दिसायला लागलं होतं, श्रीकांत घरात शीळ घालत फिरत होता. कशाला मोडता घालायचा, असं ती स्वतःला समजावायची, आणि रात्री सासूबाई "देव तुझं भलं करो" म्हणाल्या की तिला मान वर करवायची नाही.

गोकुळाष्टमीला ती कामावरून आली तेव्हा घरात उदबत्तीचा वास होता. देव्हाऱ्यात पितळी बाळकृष्णासमोर चांदीच्या वाटीत चेडरच्या पातळ चकत्या, शेजारी मोरावळा आणि वर तुळशीचं पान.

"लोणी काय, रोजच खातो तो," मधुमतीबाई कौतुकाने म्हणाल्या. "म्हटलं, आज सुनेची पसंती चाखू दे."

नंदा कोट न काढताच खाली बसली.

"आई, ती वाटी काढा. त्यात रेनेट असतं."

"ते काय असतं?"

"वासराच्या पोटातलं. दूध घट्ट व्हायला घालतात."

"मारलेल्या?"

"हो."

मधुमतीबाईंनी हळूच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्यापासून माहीत होतं."

बाईंनी वाटी उचलली. त्यांनी बाळकृष्णाला पुन्हा स्नान घातलं, कोरडं केलं, कपडे चढवले. मग बाथरूममध्ये जाऊन किती तरी वेळ चुळा भरत राहिल्या. त्या ओरडतील, रडतील, निदान टाकून बोलतील, याची नंदा वाट पाहत होती. त्यांनी बोलावं असं तिला मनापासून वाटत होतं.

बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "श्रीकांतला सांगू नकोस. तुला वाटेल ते बोलेल."

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, हे नंदाला सोसेना. तिने त्यांचे पाय धरले. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला, पण नेहमीसारखं "देव तुझं भलं करो" मात्र म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तर कुकरची शिट्टी होत होती. वॉकर बाजूला ठेवून, ओट्याला पोट टेकून मधुमतीबाई गॅसपाशी उभ्या होत्या.

"आई, तुम्ही कशाला उभ्या राहिलात? सरका, मी करते."

"नको गं. यापुढे माझं मी रांधून घेईन." आवाजात राग नव्हता. "तुझाही भात टाकलाय. हातपाय धुऊन ये."

त्यांनी आधी नंदाचं ताट वाढलं. वाफाळता भात, वरण, वर तुपाची धार, कडेला लिंबाची फोड.

"पोटभर जेव. दिवसभर उभी असतेस."

मग स्वतःच्या ताटात दोनच घास वाढून घेतले, आणि औषधाची गोळी घ्यावी तसा एकेक घास पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.